घटनेच्या वेळी उपस्थित: कोणी नाही

माझी बायको नकाशे वाचून दाखवते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यावर तिला हे काम मिळालं, किंवा त्या कामाला ती मिळाली. गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, जन्मापासून दृष्टी नसलेली एक मुलगी आमच्या शहरात वसतिगृहात राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिनं विषय घेतला होता भूगोल. तो घेऊ नकोस असं तिला घरच्यांनी, कॉलेजातल्यांनी आणि ज्यांचा काही संबंध नव्हता अशा बऱ्याच जणांनी सांगून पाहिलं होतं. इतिहास घे, राज्यशास्त्र घे. ते ऐकून पास होता येतं. भूगोलात नकाशे असतात. मुलीचं म्हणणं एवढंच होतं की नकाशे असतात म्हणूनच घेतला.

पुस्तकातला मजकूर हल्ली मोबाइल वाचून दाखवतो. पण नकाशा आला की तो 'चित्र' एवढंच म्हणून पुढं जातो. त्या एका शब्दाच्या जागी जे असायला हवं ते बायको बोलायची. गोदावरीचा धडा आला तेव्हा ती म्हणाली होती, डावा हात कोपरापासून टेबलावर आडवा ठेव, बोटं उजवीकडं. कोपर म्हणजे नाशिक. तिथून दोन बोटं पुढं आलीस की पैठण. आता हाताची बोटं पसर. समुद्राला मिळताना नदीचे असे फाटे होतात. शेजारच्या खोलीत मी पेपर वाचत होतो. मी पेपर खाली ठेवून माझा हात टेबलावर ठेवला. आयुष्यभर ग्रंथपाल म्हणून नकाशांची पुस्तकं कपाटात लावली, पण नदी कोपरातून निघते हे कधी कळलं नव्हतं.

धडे चौदा होते. परीक्षा मार्चमध्ये. दिवाळीनंतर बायकोनं सुरुवात केली. घराच्या पुढच्या बाजूला माझी जुनी अभ्यासाची खोली आहे, तिथं डेस्कटॉप संगणक, त्याला जोडलेला एक बरा मायक्रोफोन, बंद दार, बंद पंखा आणि बाई. एक धडा म्हणजे एक बैठक, हा तिचा शाळेपासूनचा नियम.

पहिल्या आठवड्यातच संगणक निळा पडला.

ज्यांनी हा पडदा पाहिलेला नाही ते सुखी आहेत. संपूर्ण पडदा निळाशार होतो, त्यावर मान आडवी टाकलेला एक रडका चेहरा येतो आणि खाली इंग्रजीत अत्यंत नम्रपणे लिहिलेलं असतं की तुमच्या संगणकाला काही अडचण आली आहे. कोणती, ते मात्र अशा भाषेत लिहितात की तुम्हाला समजू नये आणि पुन्हा विचारायची लाजही वाटावी. मी नोकरीत असताना वरून येणारी पत्रं अशीच असायची. मग संगणक आपणहून पुन्हा सुरू होतो, काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं. बायकोचं ध्वनिमुद्रण तेवढं गेलेलं असतं.

गेलं तर गेलं, पुन्हा बोल, असं मी एकदा म्हणालो. एकदाच. मजकूर पुन्हा वाचता येतो; नकाशा पुन्हा तसाच बोलता येत नाही. दुसऱ्यांदा बोलताना कोपर आठवतं, पण आवाज आठवणीतून बोलल्यासारखा येतो, आणि ऐकणाऱ्या मुलीला तो फरक आपल्यापेक्षा आधी कळतो. मधेमधे सेव्ह करत जा, हेही मी सुचवलं. तिनं केलं. पुढच्या वेळी निळा पडला तेव्हा सेव्ह केलेली फाइलही उघडेना. मोबाइलवर मुद्रण करून पाहिलं, तर हिमालयाच्या पायथ्याशी माझ्या मेहुणीचा फोन आला, आणि फोन ठेवल्यावर मोबाइलनं सांगितलं की शुभ सकाळच्या चित्रांमुळं आता जागा उरलेली नाही.

तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, "अहो, मी उठले की हा पडतो. मी समोर बसलेली असताना एकदाही पडला नाही."

मी तिला समजावून सांगितलं. माणसाला योगायोगात अर्थ शोधायची खोड असते, यंत्राला कोण उठलं आणि कोण बसलं याच्याशी कर्तव्य नसतं, वगैरे. चांगलं दहा मिनिटं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि भाजी निवडायला गेली. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं याचा उल्लेख घरात बऱ्याचदा झाला.

मग मी संगणक दुकानात नेला. दुकानाच्या मालकांनी मला कार्ड दिलं. त्यावर त्यांच्या नावाखाली सल्लागार असं लिहिलं होतं आणि कार्डाला प्लास्टिकचं आवरण होतं. त्यांनी डबा उघडला नाही. निदान डब्याकडं न बघता करण्यात एक उंची असते. ते म्हणाले, व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल. चार दिवस संगणक त्यांच्याकडं होता. चार दिवसांत एकदाही निळा पडला नाही, आणि याचं श्रेय त्यांनी फॉरमॅटला दिलं. घरी आणून जोडला. तिसऱ्या दिवशी मी गच्चीवरून खाली आलो तर पडद्यावर तोच रडका चेहरा, आणि दारात बायको. पाचवा धडा गेला होता, गोदावरीचा.

दुकानमालकांना फोन केला. आता ते म्हणाले, रॅम. रॅम म्हणजे संगणकाची तात्पुरती आठवण, हे मला वाचून माहीत होतं. ती बदलली. मग म्हणाले, मदरबोर्ड. माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ डब्यातल्या वस्तूंची नावं एकेक करून घेत आहेत आणि यादी संपेपर्यंत थांबणार नाहीत.

तेव्हा मी पुण्याला भाच्याला फोन लावला. तो संगणकाच्याच कामात आहे, आणि खरोखर काम येणारी माणसं बोलतात तसा कमी बोलतो. त्यानं विचारलं, दर वेळी पडद्यावर तेच शब्द असतात का. मी म्हणालो, नाही, दर वेळी वेगळे. एकदा मेमरीचं नाव, एकदा कसल्यातरी फाइलचं, एकदा नुसतीच अक्षरं. "मामा, मग सॉफ्टवेअर नाही," तो म्हणाला. "एकच चूक असती तर एकच शिवी आली असती. हे बाहेरून कुणीतरी हलवतंय. तुम्ही नोंद ठेवा. कधी पडला, तेव्हा काय चाललं होतं, सगळं."

नोंद ठेवा हे शब्द निवृत्त ग्रंथपालाला सांगणं म्हणजे त्याला पेन्शनमध्ये वाढ मिळाल्याचं सांगणं. मी लांबट वही काढली, पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, तारीख-वार, अंदाजे वेळ, पडद्यावरील मजकूर, चालू असलेले काम, घटनेच्या वेळी उपस्थित, शेरा. मागच्या घटनाही आठवून, आणि संगणकाच्या पोटात त्याची स्वतःची नोंद असते ती शोधून, भरल्या. दुकानमालकांच्या कार्डाला मी हसलो होतो, पण माझ्या वहीला कव्हर घातलेलं होतं आणि त्यावर लेबल होतं.

संक्रांत झाली. वहीत नऊ घटना झाल्या आणि त्या नऊंमध्ये काही सूत्र दिसेना. कधी सोमवारी, कधी शनिवारी. कधी सकाळी सातला, कधी दुपारी तीनला. सात दिवसांनी, मग आठ दिवसांनी, मग सहा. थंडी-ऊन, वाचन-मुद्रण, काही जुळत नव्हतं. धडे सात झाले होते, त्यात पाचवा नव्हता. तो तीनदा बोलून तीनदा गेला होता.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. बायकोनं तो स्पीकरवर ठेवला होता, कारण हात पिठाचे होते. मुलीनं आधी तिची चौकशी केली, मग माझी, मग संगणकाची, जणू तोही घरातला एक आजारी माणूस. मग म्हणाली, "बाई, एक सांगू का? पाचवा धडा राहू द्या. मी ऑप्शनला टाकते. लई तरास हुतोय तुम्हाला."

बायकोनं हात धुतले. फोन उचलून कानाला लावला आणि म्हणाली, "तुझं गाव कोणत्या नदीच्या खोऱ्यात आहे?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बायको म्हणाली, "मग तीच ऑप्शनला कशी टाकशील? मी पाठवते. वाट बघ." फोन ठेवून तिनं भाकरी थापायला घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली की तुमच्या त्या वहीचं काय ते एकदा बघा.

मला तारखेचा घोळ सोडवायचा होता म्हणून मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेसमोर वही घेऊन उभा राहिलो. आमच्या दिनदर्शिकेवर बायको तीन गोष्टी लिहिते: दुधाचा खाडा, गॅसची टाकी आणि पाणी. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, म्हणजे सहाव्या दिवशी, आठव्या दिवशी किंवा लोकांनी आशा सोडल्यावर. वेळही ठरलेली नाही. म्हणून पाणी आलं की ती त्या तारखेच्या कोपऱ्यात 'पा' लिहिते आणि पुढचा अंदाज बांधते. गल्लीतल्या चार घरच्या बायका तिला विचारून नातेवाइकांकडं जायचं ठरवतात.

शेवटच्या घटनेची तारीख मी दिनदर्शिकेवर शोधली. कोपऱ्यात 'पा'.

त्याआधीची शोधली. 'पा'.

मी आणखी मागं जायला गेलो, तर वर्षच संपलं. मग भिंतीच्या खिळ्यावरून दिनदर्शिका काढून टेबलावर घेतली आणि मागच्या वर्षाची शेवटची दोन पानं रद्दीतून शोधून आणली. नऊच्या नऊ. ज्या 'पा'च्या दिवशी माझ्या वहीत काही नव्हतं असे तीनच दिवस निघाले: एकदा संगणक दुकानात होता, एकदा आम्ही बिडकीनला लग्नाला गेलो होतो आणि शेजाऱ्यांनी आमचं पाणी भरलं होतं, आणि एकदा बायकोला ताप होता म्हणून संगणक लावलाच नव्हता.

मग मी माझ्या वहीतला सहावा रकाना पाहिला. घटनेच्या वेळी उपस्थित: कोणी नाही. नऊ वेळा, माझ्याच वळणदार अक्षरात. आणि शेऱ्याच्या रकान्यात पाच वेळा: मी गच्चीवर.

मी गच्चीवर का होतो? टाकी भरून वाहते का ते बघायला. बायको का उठली होती? शेजारणीनं पाणी सुटल्याची हाक दिली म्हणून, अंगणात नळाची मोटार लावायला. आमच्याकडं पाणी आलं की माणूस हातातलं सगळं टाकून धावतो. तो तास आपल्या आयुष्यात मोजायचाच नसतो अशी शहराची सवय आहे. म्हणून घटनेच्या वेळी कुणी नव्हतं, आणि म्हणूनच तो तास माझ्या चालू असलेल्या कामाच्या रकान्यात कधी आला नाही. संगणक अनियमितपणे पडत नव्हता. तो पाण्याइतकाच नियमित होता.

बायकोला दाखवलं. तिनं वहीकडं पाहिलं, दिनदर्शिकेकडं पाहिलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी उठले की पडतो, म्हटलं होतं."

पुढचं पाणी सातव्या दिवशी आलं, सकाळी साडेनऊला. तोवर आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे पाण्याची वाट बघत होतो. हाक आली तशी बायको अंगणात गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा गच्चीवर गेलो नाही. संगणकासमोर वही उघडून, पेनचं टोपण काढून बसलो. खिडकीतून तिला खूण केली. मोटार गुरगुरली. डोक्यावरची ट्यूबलाइट एकदा डोळा मिचकावल्यासारखी थरथरली, आणि पडदा निळा झाला.

रडका चेहरा बघून इतका आनंद झालेला माणूस मीच असेन. मी खिडकीतून ओरडलो की पडला. बायकोनं हातातली बादली खाली ठेवून दोन्ही हात वर केले. समोरच्या घरातले आजोबा धावत बाहेर आले, कोण पडलं म्हणून. त्यांना सगळं सांगेपर्यंत आमची टाकी भरून गल्लीत वाहू लागली, आणि त्या दिवशी ते कुणाला खटकलं नाही.

दुपारी वायरमन आले. बुढ्ढीलेन भागात राहणारे, साठी ओलांडलेले, खिशात एक टेस्टर आणि कानावर पेन्सिल. कार्ड नव्हतं. त्यांनी संगणकाचं काही ऐकून घेतलं नाही. मोटारीची वायर कुठून जाते, एवढंच विचारलं. ती कुठून जाते हे मला सांगता येईना. अंगणातल्या बटणापासून त्यांनी वायर हातानं धरली आणि नाडी बघावी तसे तिच्यामागं चालत आले: खिडकीच्या चौकटीतून आत, माझ्या पुस्तकांच्या कपाटामागून, आणि थेट संगणकाच्या बोर्डात. कपाट सरकवलं. बोर्ड उघडला. आत एका तारेचं टोक काळंठिक्कर पडलं होतं आणि स्क्रू बोटानं हलत होता.

"न्यूट्रल ढीला हो गया, साब. मोटर खींचती, तो इधर का पूरा लाइन कांपता." त्यांनी टेस्टरनं ते टोक जरा हलवून दाखवलं. मग विचारलं, "ये काम कौन करा?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. ती म्हणाली, "यांनीच."

नऊ वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मोटारीचं बाहेरचं सॉकेट जळालं होतं. पाणी आलेलं होतं, वायरमन मिळत नव्हता, आणि मी खिडकीतून वायर आत ओढून या बोर्डात जोडली होती. तात्पुरती. पुढं तिथं पुस्तकांचं कपाट आलं आणि वायर माझ्या नजरेआड, मग आठवणीआड गेली. ज्या वस्तूचं निदान करायला मी सल्लागार शोधत फिरलो, ती वस्तू माझ्या संदर्भग्रंथांच्या मागं होती.

वायरमननी जळकं टोक कापून टाकलं. लाइट पूर्ण गेली असती तर संगणक सरळ बंद झाला असता, काळा, एवढं त्यांनी सांगितलं. ही जात नव्हती, नुसती थरथरत होती, म्हणून आत सगळा गोंधळ व्हायचा आणि दर वेळी वेगळी शिवी यायची. भाच्यानं जे पुण्यात बसून ओळखलं होतं तेच. मग त्यांनी विचारलं की यूपीएस नाही का. मी म्हणालो, आहे. बॅटरी गेल्यापासून बायको त्यावर पाय ठेवते. त्यांनी टेबलाखाली वाकून ते पाहिलं आणि पहिल्यांदा हसले.

दोन तासांत मोटारीला मीटरपासून स्वतंत्र लाइन झाली. बोर्ड नवा आला. यूपीएसला बॅटरी आली आणि बायकोच्या पायाला पाट. मी वहीत शेवटची ओळ लिहिली, खाली दोन रेघा मारल्या, आणि वही कपाटात ठेवली. या वेळी कपाट भिंतीपासून हातभर पुढं.

त्यानंतर ती रोज बसली. नववा, दहावा, अकरावा. फेब्रुवारीत चार 'पा' आले आणि गेले, संगणक जागचा हलला नाही. मी तरी प्रत्येक वेळी गच्चीवर जाण्याआधी खोलीत डोकावून जायचो. त्यावर ती मुद्रण चालू असल्याची खूण म्हणून बोट ओठांवर ठेवायची. चौदावा झाला. पाचवा तिनं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तो कधी बोलायचा हेही तिनं ठरवून ठेवलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. मार्च उजाडला. परीक्षेला आठ दिवस होते. सकाळी पाणी सुटल्याची हाक आली. मी जिन्याकडं निघालो तर बायको पाण्याकडं न जाता अभ्यासाच्या खोलीकडं निघाली होती.

"मोटार तुम्ही लावा," ती म्हणाली. "मी बसते."

मी म्हणालो, अगं, आवाज येईल मागं. ती म्हणाली, येऊ दे.

मी अंगणात गेलो आणि बटण दाबलं. मोटार गुरगुरली. खिडकीच्या काचेतून मला तिची पाठ दिसत होती आणि तिचा डावा हात, टेबलावर आडवा ठेवलेला, बोटं उजवीकडं. त्या दिवशी मी एकट्यानं बादल्या भरल्या, पिंप भरलं, कुंड्यांना घातलं, गच्चीवर जाऊन टाकी बघून आलो, आणि खाली आलो तेव्हा ती बोटं पसरत होती. नदी समुद्राला मिळत होती. ट्यूबलाइट स्थिर होती.

फाइल त्याच दुपारी गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. सगळे धडे दोनदा ऐकून झाले होते, पाचवा चारदा. तिचा आवाज फार खुशीत होता. ती म्हणाली, "बाई, एक विचारू? त्या पाचव्यात मागं मोटार चालू व्हती. तुमच्याकडं पाणी आलं व्हतं का?"

"आलं होतं," बायको म्हणाली. "भरलंही, आणि वाचलंही."